मामांची उतरलेली कंबर

आमचे मामा शिंपी. दवाखान्यात कंबर बेचाळीस भरली आणि डॉक्टरांनी खडसावलं, तेव्हा त्यांनी दुकानातल्या बिस्किटांच्या डब्यात गाजर-काकडी भरली. येईल त्या गिऱ्हाइकाला पालेभाज्या, फळं आणि मोड आलेल्या कडधान्यांचं पुराण ऐकवू लागले.

महिन्याने दुकानातल्या टेपने कंबर मोजली, तर चाळीस! स्वारी हवेत. हौसेने स्वतःच्या पाचही पँटी दोन-दोन इंच आत घेतल्या. एकीचंही बटण लागेना.

मामींनी तो टेप लोखंडी पट्टीशेजारी धरला. वीस वर्षं ओढून ओढून बिचारा लांबला होता.

"अहो, नवा टेप मी आणते," मामी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही तेवढी बटणांच्या खणातली बिस्किटं बाहेर काढा."