सौसर की शंभरसर?

इतिहास शोधायला निघालेल्या माणसाला इतिहास सापडेलच असं नाही. किस्से मात्र पायजम्याला कुसळं चिकटावीत तसे चिकटतात. एक उपटायला जावं तर त्याच्याबरोबर चार निघतात!

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि भाषेप्रमाणे राज्यं आखायची चर्चा सुरू होती. नागपूरच्या उत्तरेचा आमचा सौसर-पांढुर्ण्याचा मुलूख मराठी, पण कोण कुठं जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सौसरच्या शाळेत मराठीचा मास्तर. हिंदी राज्य आलं तर मी शिकवू काय आणि खाऊ काय, या काळजीनं मला झोप लागेना. म्हणून आम्ही तिघांनी इतिहास मंडळ काढलं. मी, कापडवाले बापूराव आणि रामाकोन्याचे संत्रेवाले गुलाबराव. बैठक बापूरावांच्या गादीवर व्हायची, म्हणून ते अध्यक्ष. छकडा गुलाबरावांचा, म्हणून ते उपाध्यक्ष. माझ्याकडं काहीच नव्हतं, म्हणून मी विद्वान!

राज्यांच्या हद्दी ठरवायच्या आधी पाहणीला एक साहेब येणार अशी बातमी होती. तो यायच्या आत आपला मुलूख जुना मराठी आहे हे सिद्ध करायचं, एवढंच आमचं काम.

*

पहिला शोध लोधीखेड्याच्या रस्त्यावर लागला. झुडपात एक दगड, त्यावर शेवाळ, आणि शेवाळाखाली स्पष्ट ‘ना’!

मी छकड्यातून उडीच मारली. ‘ना’ म्हणजे नागपूरकर भोसल्यांची खूण, असं जाहीर केलं. दगड धुतला, हळदकुंकू वाहिलं, गुलाबरावांच्या डब्यातला गूळ नैवेद्याला ठेवला. गुलाबरावांनी गुळाकडं दुःखानं पाहिलं.

पुढच्या मैलावर तसाच दुसरा शिलालेख सापडला. माझा आनंद गगनात मावेना. त्याच्या पुढच्या मैलावर तिसरा!

गुलाबरावांनी बैल थांबवले. म्हणाले, “गुरुजी, तुमचे भोसले मैलामैलावर बसून राह्यले होते काय?”

परतीच्या वाटेवर त्यांनी पहिल्या दगडापाशी उतरून गूळ शोधला. तो मुंग्यांनी नेला होता.

*

मग मी गावाच्या नावाकडं वळलो. व्युत्पत्तीला छकडा लागत नाही. गादीवर बसून सांगितलं, “इथं पूर्वी शंभर तळी होती. सर म्हणजे सरोवर. सौ सरोवरांचं गाव, म्हणून सौसर!”

बापूराव लुगड्याची घडी करत होते. त्यांचे हात थांबले.

“गुरुजी, सौ तं हिंदीत म्हनते. मराठीत शंभर.”

“हो.”

“मग आपलं गाव शंभरसर पायजे होतं ना! तुमी तं साहेब यायच्या आधीच गाव देऊन राह्यले हिंदीवाल्याहिले!”

मी घाईघाईनं दुसरी व्युत्पत्ती काढली. सौसर हे ‘सासर’ या शुद्ध मराठी शब्दावरून आलं.

“असं काय?” बापूराव म्हणाले, “मग आपलं माहेर कोनतं? नागपूर का जबलपूर?”

सगळे हसलो. मीही हसलो, पण तो प्रश्न मला खरंच लागला होता.

*

जामसांवलीच्या मारुतीजवळ मी एकदा व्याख्यान दिलं. तिथला मारुती निजलेला, हे सगळ्यांना माहीत. तो का निजला, केव्हापासून निजला, यावर मी बोलत होतो. ऊन वर चढलं तसे श्रोते एकेक करून आडवे झाले. शेवटी एक म्हातारा तेवढा बसून होता, त्याला मी नमस्कार केला.

“बाबा, तुम्हाला आवडलेलं दिसतं.”

“तसं नाई बाप्पा,” तो म्हणाला, “तुमी माह्या धोतरावर उभे हाय.”

*

घरात मात्र माझं चालायचं, असं मला वाटायचं. साहेब घरीही येईल, तेव्हा बोली शुद्ध ठेवा, अशी मी ताकीद दिली. बायको आलू म्हणाली की मी अडवायचो. “आलू नाही, बटाटा म्हण.”

ती बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आली.

“बटाटा कोनापाशीच नोयता,” ती म्हणाली, “आलू होते पोतंभर. पन तुमी नाई म्हनलं होतं ना!”

त्या दिवशी आम्ही शुद्ध मराठीत वरणभात खाल्ला.

*

आणि साहेब आला.

डाकबंगल्यावर आम्ही तिघं हार घेऊन उभे. माझं भाषण तोंडपाठ होतं. आरशापुढं म्हटलं होतं, बैलांपुढं म्हटलं होतं. जीप थांबली, कोटवाला साहेब उतरला. आता आमच्याकडं एक खोड आहे. तहसीलदार असो की शाळेचा इन्स्पेक्टर, कोट दिसला की जीभ आपोआप हिंदीकडं वळते. कोटापुढं मराठी बोलायची तिला सवयच नव्हती.

साहेबानं खुर्चीत बसून पेन उघडलं आणि अगदी स्वच्छ मराठीत विचारलं, “आपल्याकडं घरी कोणती भाषा बोलतात?”

बापूराव हार सावरत म्हणाले, “मराठी, साहब! सब के सब मराठी!”

गुलाबराव पुढं सरकले. “हमारे तो बैल भी मराठी समझते, साहब!”

साहेबाच्या ओठांवर हसू आलं. “अहो, मग माझ्याशी मराठीतच बोला ना.”

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. सगळा मुलूख, माझी शाळा, माझी भाकर, सारं त्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. मी टोपी नीट केली, छाती पुढं काढली आणि खणखणीत आवाजात म्हणालो,

“मराठीच तो बोलून रहा हूँ, साहब!”

साहेबानं हळूच पेनाला टोपण लावलं.