शुद्ध पाण्यातलं औषध
विज्ञान कुणाची भीड ठेवत नाही, असं म्हणतात. परवा दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि बारामतीतली एक सुनावणी आठवली. अंथुर्ण्याच्या एका पैलवानाच्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडलं होतं. निकाल टिकला तर त्याची कुस्ती संपणार होती. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून अहवाल वाचायला त्याने मला नेलं. त्याच्या नमुन्याआधी प्रयोगशाळेने त्याच यंत्रातून नुसतं शुद्ध पाणी तपासलं होतं, आणि तेच औषध पाण्यातही दिसत होतं. म्हणजे यंत्रच आधीच्या कुठल्यातरी नमुन्याने खराब झालेलं होतं. पण सुनावणीआधी निकाल देणाऱ्या समितीच्या प्रत्येक सदस्याला हार आणि शाल-श्रीफळ, मग मलाही. हारातून मान काढून मी मुद्दा मांडला, तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. पैलवान म्हणाला, “सायेब, पान्यात बी घावलं म्हंजी मशिनीनंच औषध खाल्लंय की!” अध्यक्ष हसले नाहीत. “मशिनवर शंका म्हणजे विज्ञानाचा अपमान,” ते म्हणाले, बंदी कायम केली आणि पंगतीला बसले. पैलवान आता साखर कारखान्याच्या गेटवर पहारा देतो. प्रयोगशाळेत यंत्र अजून तेच आहे. यंदाच्या दसऱ्याला त्या यंत्राची पूजा करून त्याला झेंडूचा हार घातलेला फोटो कुणीतरी माझ्या मोबाईलवर पाठवला.