करडईची कड

देव अक्कल वाटत होता तेव्हा मी बहुधा वेणी घालत बसले होते. नाहीतर उभ्या शाळवाभोवतीची करडई, लुगडं अडकून फाटतं म्हणून कुणी कापून काढतं का? मी काढली. वर त्या जागी सडा घालून रांगोळीही रेखली.

ती करडई माझ्या सासूबाईंची. मी त्यांना आत्ती म्हणे, आणि सारी गल्ली काटेआत्ती. बावड्याच्या वाटेवरच्या आमच्या तुकड्यात त्या शाळू ज्वारी पेरत आणि चारी कडांना करडई. कोवळी असताना पानं खुडून लसूण-मिरचीची भाजी, बी धरलं की घाण्याचं तेल, आणि मधल्या काळात कुंपण. "जनावराला द्येव दिसत न्हाय, काटा दिसतोय," म्हणत.

जून करडईत त्या हात घालत तो पहाटे, दवानं काटा मऊ असताना. मी एकदा भर दुपारी शहाणपणा केला आणि बोंब ठोकली. "कोकणातली तू, फणस फोडतीस की! ह्यो काय वाघ हाय व्हय?" आत्ती म्हणाल्या.

त्या वर्षी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला आणि गल्ल्या ओस पडल्या. आमचे हे महाराजांच्या पागेत नोकरीला, ते तिकडेच अडकले. आत्ती आणि मी रानात झोपडी घालून राहिलो. मला सातवा महिना. आत्ती उचगावला बहिणीच्या मातीला गेल्या, तेवढ्यात मी झोपडीसमोरची कड साफ केली. धन्यांनी सोडून दिलेली गुरं त्याच रात्री माझ्या रांगोळीवरून आत शिरली. सकाळी एक कणीस उभं नव्हतं.

आत्ती परतल्या, मोकळी कड पाहिली, आणि मातीतले दाणे वेचायला बसल्या. एक शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर भाकरी माझ्याच ताटात पडे. त्या उरल्या करडईचे शेंडे शोधून उकडून खात. "मला हीच ग्वाड लागती," म्हणत. शेंडेही तोवर जून झालेले. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई.

मग त्यांनाही गाठ आली. मला त्यांनी झोपडीत पाऊल टाकू दिलं नाही. मी बाहेर बसून "आत्ती, माझं चुकलं," म्हणत रडत होते. आतून करडईच्या बियांचं गाठोडं माझ्या पुढ्यात येऊन पडलं.

"रडू नगंस. फुडच्या सालाला तूच प्येर. मी प्येरली ती सासूनं सांगितलं म्हणून. तुला टोचलंय, तू न्हाय इसरायचीस."