सुधाताईची काचेची सुरी

सुधाताई गेल्याचा फोन जैनथच्या एसटीडी बूथवर आला. बूथवाला सांगायला स्वतः शाळेत आला तेव्हा मी पाचवीला भागाकार शिकवत होतो. मी फळ्यावरचं उदाहरण पूर्ण केलं, मगच खडू खाली ठेवला. सख्खी मोठी बहीण गेल्यावर माणूस बाकी काढत बसतो, त्यावरून त्याची परीक्षा करायची तर करा. या लेखात पुढे त्याहून वाईट आहे.

आमच्या गावातून हैदराबादला शिकायला गेलेली ती पहिली मुलगी. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर ती काम करायची. लहान मुलांच्या डोळ्यांत कॅन्सर होतो, हे मला तिच्यामुळे कळलं. काढलेल्या डोळ्याचा कण ती काचेच्या सुरीनं कापायची. सुरीही स्वतःच, काच मोडून बनवायची. इतका पातळ काप की नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसायचाच नाही. मग अंधाऱ्या खोलीत हिरवट पडद्यावर तासन्‌तास बघत बसायची. मी एकदा चेष्टेनं म्हणालो होतो, ताई, तुझ्यापेक्षा आमचा टुरिंग टॉकीज बरा. ती मनापासून हसली होती. तोवर चिमी आमच्याकडे यायची होती.

चिमी माझी मुलगी. दोन वर्षांची असताना कंदिलाच्या उजेडात तिचा डावा डोळा पांढरा चमकायचा. आम्हाला कौतुक... मांजरडोळी म्हणून सगळे लाड करायचे. आदिलाबादच्या डॉक्टरांनी मात्र डोळा काढावा लागेल, उशीर करू नका, असं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "जावळाच्या आदी लेकराले लोखंड लागत नसते. चैतात माहूरले जाऊ, मंग काय करायचं ते करा." जावळ तिसऱ्या वर्षी, देवीपुढे, ही आमच्या घरची रीत. चैत्राला चार महिने होते. मी ताईला सगळं लिहून कळवलं आणि माझी जबाबदारी संपली असं समजलो. ताई सांगेल तसं करू, असं माझी बायको कमल म्हणत होती.

ताईचं उत्तर आठवड्यात आलं. पोस्टमननं ते शाळेत आणून दिलं, हजेरीपटाच्या सह्या करता करता मी त्याच्याही कागदावर सही केली. तिनं लिहिलं होतं, मी चार महिन्यांच्या ट्रेनिंगला आजच मुंबईला निघाले आहे, इथल्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय, तू पोरीला घेऊन लगेच नीघ. जावळ थांबेल, हे थांबणार नाही. हे बाबांना वाचून दाखव, आणि ते ऐकत नसतील तर कमलला दाखव.

मी कोणालाच दाखवलं नाही. बाबांपुढे उभं राहायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर देवीचा कोप मलाही खराच वाटत होता. कमल रोज विचारायची, ताईचं काही आलं का. मी नाही म्हणायचो.

चैत्रात जावळ झालं. वैशाखात हैदराबादला डोळा काढला, आणि तो ताईच्याच टेबलावर आला. दुसऱ्या कोणाकडे द्या म्हणाली असती तर कोणी नाही म्हटलं नसतं. पण तिनंच तो कापला, तिनंच पाहिला. मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस जिथं कापली होती, तिथपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्या होत्या. बाहेर येऊन तिनं मला एवढंच सांगितलं की, आता पोरीला हवं ते खाऊ घाल.

दिवाळीआधी चिमी गेली. गावात सगळे म्हणू लागले, घरात एवढी शिकलेली बहीण, आणि तोंडाला कुलूप लावून बसली, साधं उत्तरही दिलं नाही. मी ऐकत राहिलो. ताई भेटायला आली तेव्हा कमलनं तिला उंबऱ्यात येऊ दिलं नाही. मी मागोमाग बसस्टँडवर गेलो. ती बाकावर बसली होती.

"माहं पत्र भेटलं होतं न रे तुले?"

"नाही, ताई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जैनथची डाक अशीच हाये."

त्यानंतर ती दरवर्षी यायची, पण घरी नाही. शाळेची एक खोली अंधारी करून एकेका पोराच्या डोळ्यात टॉर्च मारायची आणि संध्याकाळच्या बसनं परत जायची. एकदा मी तिला विचारलं, तुझ्या त्या मशीनमुळे पोरं वाचतात का? ती म्हणाली, माझ्याकडे डोळा येतो, पोरगं येत नाही.

गेल्या महिन्यात तिच्या सहकाऱ्यांनी तिची लाकडी पेटी पाठवली. आत टॉर्च, काचेचे तुकडे, आणि त्या पेशींचे काळे-पांढरे फोटो. प्रत्येकामागे नंबर. एकामागे फक्त "चिमी". त्याच फोटोला टाचणीनं एक पोस्टाचं कार्ड लावलेलं... तिचं ते पत्र रजिस्टर होतं. पोस्टानं तिला परत पाठवलेली ती पोचपावती होती, खाली माझी सही.

बसस्टँडवर तिनं विचारलं तेव्हा ही तिच्याजवळ होती. तेरा वर्षं तिनं ती कोणाला दाखवली नाही.

हा लेख पाठवण्याआधी मी ते कार्ड कमलच्या हातात दिलं. तिनं सही ओळखली. मला वाटलं, आता मला बोलेल, मारेल. ती कार्ड घेऊन उंबऱ्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "ताईले मी इथूनच वापस पाठवलं."