फुगडीचे चाळीस ठोके

गोवा घटक राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी डिचोलीच्या एका शाळेत गाणं शिकवत होते आणि स्वतः गाताना पेटीपुढे खांबासारखी बसत होते. मान हलली की आमचे बुवा पेटीवर पट्टी आपटायचे, त्याचा हा परिणाम. अशा मला परदेशात शिकून आलेल्या एका गोंयकार संगीतकाराने आपल्या नव्या रचनेत घेतलं. त्यात चालत गायचं, वाकून गायचं आणि शेवटी गरगर फिरत गायचं होतं. अंग हलतं तेही गाणंच, असं तो म्हणे. माझं पाऊल उचललं की सूर सुटायचा आणि सूर लागला की पाऊल अडायचं. आठ दिवसांत जमलं नाही तर दुसरी गायिका बघतो, असं त्याने गोड शब्दांत सांगून टाकलं. मला ती जागा हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

घरी रडगाणं गायले. सासूबाई आदोळीवर बसून नारळ किसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चवथीक गणपतीपुढें फुगडी घालतना गाणीं म्हणटा न्हय गो तूं? तेन्ना गळो खंय अडकता?"

दुसऱ्या दिवशी मी जोडीच्या गायिकेचे हात धरले. ती पेडण्याची, फुगडी घालतच वाढलेली, तिला काही सांगावं लागलं नाही. हातांची कैची, पावलं जुळवलेली, अंग मागे झोकलेलं, आणि सुटलो. आवाज मोकळा झाला, धापसुद्धा तालात पडायला लागली. संगीतकाराने खूश होऊन कागदावर लिहिलं: चाळीस ठोके फुगडी, मग हात सोडणे. हात सुटले की घुमटाचा ठेका आणि व्हायोलिन थांबतील.

प्रयोगाच्या दिवशी चाळीस ठोके झाले आणि हात सुटले नाहीत. आमच्यात जी आधी सोडते ती हरते, हे त्या भल्या माणसाला आम्ही दोघींनीही सांगितलं नव्हतं.

"सोड मगे," ती फिरता फिरता पुटपुटली.

"तू सोड पयली."

घुमटवाला आमच्याकडे बघत बडवत राहिला. व्हायोलिनवाल्याची पानं संपली, त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. आमच्या सर्वण गावाहून आलेल्या बायका खुर्चीत बसल्या बसल्या फुगडीतल्यासारखं "फू, फू" करायला लागल्या, त्यात सासूबाई सगळ्यांत मोठ्याने. दिवे फिरत होते, छत फिरत होतं, आणि मी गात होते. इतकी खूश मी आयुष्यात कधी नव्हते. शेवटी दोघी एकदमच फतकल मारून बसलो, हात तसेच धरलेले, हसू आवरेना.

आत गेल्यावर संगीतकार कागद घेऊन समोर आला. चेहरा गंभीर. संपलं माझं, असं वाटलं. त्याने "चाळीस ठोके" वर काट मारली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"आतां तुमीच बरयात."

डोकं अजून गरगरत होतं, लिहिताना अक्षरं वाकडीतिकडी आली. मी लिहिलं: दोघी दमेपर्यंत.