आमच्या गोठ्याचा आठवा फोटो

मी माणसांचे फोटो काढत नाही. माणसं हलतात. गोठे हलत नाहीत, म्हणून मी गोठ्यांचे फोटो काढतो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळी मी खामगावात मास्तर होतो आणि माझ्याकडे पेटीसारखा एक कॅमेरा होता. (शाळेत दुसऱ्या कोणाकडे नव्हता, हे सांगायला मी कधी विसरत नसे.) रविवारी सायकल काढायची आणि खेड्यापाड्यांतले जुने गोठे गाठायचे. कुडाच्या फटींतून आत आलेलं ऊन, बैलांनी माना घासून गुळगुळीत केलेले खांब, पाठीत वाकलेलं छप्पर! तासन् तास बघत राहावंसं वाटे. लोकांना मी गुरांचा डॉक्टर वाटे आणि ते आजारी गाई माझ्यापुढे आणून उभ्या करत.

पण सगळ्यांत देखणा गोठा आमचाच, मोताळ्याजवळच्या आमच्या गावातला. आजोबांनी स्वतःच्या हाताने घडवलेले सागाचे बारा खांब, आणि अख्ख्या गोठ्यात खिळा म्हणून नाही. एक दिवस बाबांचं पत्र आलं. मधली तुळई वाळवीने पोखरली होती. ती बैलांच्या अंगावर यायच्या आत गोठा उतरवून तिथे टिनाचा बांधायचा होता. मी उलट टपाली कळवलं, की फोटो काढल्याशिवाय खांबाला हात लावू नका. बाबांनी सुतार आठ दिवस थांबवला. तो सोमवारी सकाळी येणार, म्हणून रविवारी मी आठ फोटोंचं एकुलतं एक रीळ घेऊन घरी हजर झालो.

गोठा पाहून अंगणातच थबकलो. आईने पडक्या कुडावर पांढरी माती फासली होती आणि तरीही दिसणाऱ्या भोकावर लग्नकार्यातली सतरंजी टांगली होती.

"माय, मले जुनाच गोठा पाह्यजे व्हता."

"जुनाच हाये थो. फकत तोंड धुतलं त्याचं," ती म्हणाली. "फोटोले कोणी पारोसं उभं राह्यते काय?"

मी सतरंजीला हात घालतो तोच बाबा बैल घेऊन आले. पाहतो तर झुली, रंगवलेली शिंगं, कपाळाला बाशिंगं, सगळा पोळ्याचा थाट.

"बाबा, फोटो गोठ्याचा हाये, बैलाइचा नाही."

"गोठा कोनाचा हाये?" बाबांनी विचारलं. "घरमालकाले बाहीर काढून घराचा फोटो काढतेत काय?"

पहिला फोटो बैलांचा गेला. दुसरा बैल आणि पटका बांधलेले बाबा. तिसऱ्यात नवं लुगडं नेसून आलेल्या आईची भर पडली.

चौथ्याला शेजारचे पुंजाजीकाका आपली जोडी घेऊन आले. त्यांचा गोऱ्हा एक पावसाळाभर आमच्या गोठ्यात बांधलेला होता, त्यामुळे त्यांचाही हक्क पोचत होता. इथे मी एक हुशारी केली. कळ न दाबताच "झालं" म्हणालो.

"खट् नाही वाजलं," पुंजाजीकाका जागचे न हलता म्हणाले. "काऊन मास्तर? आमच्याच टायमाले डब्बा मुका झाला काय?"

दाबली. पाचवा, सहावा आणि सातवाही असेच गेले. गल्लीतले बैल आले, त्यांचे धनी आले, आणि सातव्यात तर डोक्यांच्या वर छपराची तेवढी एक कड दिसत होती.

मग मात्र माझा तोल सुटला. "एक राह्यला," मी ओरडलो. "उद्या हा गोठा नसन. मले याच्यात कोणी नाही पाह्यजे. मानूस नाही, बैल नाही, सतरंजी नाही."

बाबांनी स्वतः सतरंजी उतरवली. बैल मागे नेऊन बांधले. अजून घुटमळणाऱ्या पुंजाजीकाकांना हाताला धरून ओसरीवर नेऊन उभं केलं.

"काढ," ते म्हणाले. "माह्या बापाचं काम नीट दिसलं पाह्यजे."



सूर्य नेहमी पाठीशी ठेवावा, असा फोटोचा नियम. (तो मी शाळेत सगळ्यांना समजावून सांगत असे.) दिवस कलला होता. मी सूर्याकडे पाठ करून, पाय फाकवून उभा राहिलो, कॅमेरा पोटाशी धरला, डावी-उजवीकडून कोणी घुसत नाही ना हे डोळ्यांत तेल घालून पाहिलं आणि कळ दाबली. खट् वाजलं. पुंजाजीकाकांनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गोठा उतरला. महिन्याभराने फोटो धुऊन आले. आठव्यात बाराही खांब, त्यांचे जोड, वाकलेलं छप्पर, सगळं कसं लख्ख आलं होतं. आणि मधोमध, अंगणातून थेट गोठ्याच्या दारात शिरलेली माझी लांबलचक सावली, दोन्ही कोपरं शिंगांसारखी बाहेर काढलेली.

मला तोंड लपवावंसं वाटलं. बाबांना मात्र त्या फोटोचा केवढा अभिमान! त्यांनी तो काचेत बसवून ओसरीवर टांगला. आल्यागेल्याला ते आपल्या बापाचा खांब न् खांब बोटाने दाखवत. बोट सावलीवर आलं की थांबत, माझ्याकडे कौतुकाने बघत आणि सांगत, "पुरा गोठा खाली केला व्हता. हे एवढं एकच जनावर बाहीर काढाचं राह्यलं."