इनासच्या केळीचे घड

होळी नावाच्या गावात सही करता येणारा पास्कू दर पंचनाम्याला पंच असे. १९५१ साली वावटळीने शेजारच्या इनासची केळीची बाग लोळवली आणि पास्कूची सोडली, तरी जळत होता पास्कूच. आडव्या पडलेल्या घडांच्या फण्या आता त्याला मोजता आल्या. एकेका घडाला बारा! त्याच्या बागेत कधी नऊच्या वर गेल्या नव्हत्या.

चिखल टाळत तलाठ्याने बांधावरूनच विचारले, “घड केवढे होते?”

“नऊ फण्यांचे,” पास्कूने सांगितले.

सरकारी मदत त्यावरच ठरणार होती. इनासने ऐकले, पण वाद घातला नाही.

“दादा, बुंध्याशी फुटलेले मुनवे शाबूत आहेत. चार तुझ्या बागेत लाव.”

सहीला टेकवलेला टाक पास्कूने उचलला.

“बारा लिहा, भाऊसाहेब,” तो चिडूनच म्हणाला. “आणि याचे मुनवे मला नकोत.”